तीन सडांचं दूध

मला झालेला आजार सांगायला सोपा आहे. मूत्रपिंडाला संसर्ग झाला आणि तो रक्तात उतरला. असा संसर्ग पुष्कळांना होतो, इंजेक्शनं घेतली की आठवडाभरात माणूस घरी येतो. माझ्या अंगातला जंतू मात्र कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. मी बावीस दिवस नगरच्या दवाखान्यात होते आणि त्यातले काही दिवस घरच्यांनी माझी आशा सोडली होती.

त्याच काळात आम्ही एका डॉक्टरचं नाव गावभर खराब केलं. हा जंतू त्यांनीच दिला असं मी म्हटलं, माझ्या मुलानं म्हटलं आणि गावानं ते खरं धरलं. त्यामुळे नुसतं आजारपण लिहून मला थांबता येणार नाही. ज्यांच्या हातात आज असाच रिपोर्ट असेल त्यांना धीर यावा म्हणून अर्धं लिहिते आहे. उरलेलं अर्धं माझ्यासाठी आहे.

दुर्बीण

मी विमल. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे गावात सगळे 'बाई' म्हणतात. कोल्हारच्या जवळ, प्रवरेच्या काठाला आमची शेती आहे. थोडा ऊस, गाईंपुरता लसूणघास आणि पाच संकरित गाई. गाईंचं सगळं मुलगा संदीप बघतो. सून अर्चना आणि मी धारा काढतो. माझे यजमान, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ते सकाळी दुधाचे कॅन डेअरीत पोचवतात आणि चहा पिऊन सावकाश परत येतात.

मला मुतखडा झाला. बाजाराच्या गावी अमोल डॉक्टरांचा छोटा दवाखाना होता. ते मूळचे कोपरगावचे. पाच वर्षांपूर्वी इकडे आले, दुर्बीण आणली आणि मुतखड्याची ऑपरेशनं करायला लागले. लोणी-नगरच्या मोठ्या दवाखान्यांच्या चकरा वाचल्या म्हणून लोक त्यांना दुवा देत होते. त्यांनी दुर्बिणीतून माझा खडा काढला. दोन दिवसांनी मी घरी आले आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यात उभी होते. अर्चना रागावली, मी ऐकलं नाही. मला कुणी 'आराम करा' म्हटलं की मी मुद्दाम काम काढते, हा माझा जुना दोष आहे.

तीन आठवड्यांनी लघवीला जळजळ सुरू झाली. मग ताप. मी डॉक्टरांकडे गेले नाही. ऑपरेशननंतरच्या गोळ्या डब्यात उरलेल्या होत्या, कारण बरं वाटल्यावर मी त्या बंद केल्या होत्या. त्याच पुन्हा काढल्या आणि पाच दिवस घेतल्या. शाळेत मुलांना 'अर्धवट सोडू नका' म्हणणारी मी, औषधाच्या बाबतीत अर्धवटच होते. पाचव्या दिवशी मला थंडी वाजून आली, दात एकमेकांवर आपटायला लागले आणि पाठीत अशी कळ निघाली की मी चुलीपाशीच बसले.

संदीपनं अमोल डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्तदाब बघितला आणि दोन मिनिटांत रुग्णवाहिका बोलावली. "इथं थांबू नका, बाई. नगरला चला, मी फोन करतो तिकडे," एवढंच म्हणाले. रुग्णवाहिकेत मी संदीपचा हात धरला आणि म्हणाले, "त्या दुर्बिणीनंच घात केला बघ." हे वाक्य पहिल्यांदा मी उच्चारलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली.

एकच पास

नगरच्या दवाखान्यात लघवी आणि रक्त कल्चरला गेलं. कल्चर म्हणजे जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध घालून बघायचं, कुठलं चालतं ते. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं इंजेक्शनं चालू होती आणि ताप हलत नव्हता.

रिपोर्ट घेऊन डॉ. सुषमा स्वतः आल्या. पन्नाशीच्या, शांत बाई, गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यातल्या नव्हेत. मी कागद मागितला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि दिला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे हे औषध चालत नाही. एस म्हणजे चालतं. मी आयुष्यभर गुणपत्रकं भरलेली बाई, बोट ठेवून खाली उतरत गेले. आर, आर, आर. पानाच्या तळाशी एक एस.

"एकच पास झालंय," मी म्हणाले.

"तेही काठावर," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी नानांना आणि संदीपला आत बोलावलं. हे औषध जुनं आहे, मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून मधली कितीतरी वर्षं ते फारसं कुणी वापरत नव्हतं. आता दुसरं काही उरलं नाही की वापरतात. जंतू मरेल, पण मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डायलिसिस लागू शकतं. सही हवी.

नाना म्हणाले, "दुसरं काय न्हाई का, डॉक्टर?"

"नाही, काका."

"पुन्याला न्हेलं तर?"

"पुण्यालाही हेच औषध देतील. वाटेत वेळ जाईल तेवढा."

नाना चष्मा घरी विसरले होते. संदीपनं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. त्यांची सही एरवी ठसठशीत असते. त्या दिवशी ती रेघेच्या खाली घसरली. ते बघून मला पहिल्यांदा कळलं की मी मरू शकते. ताप, कळा, सलाईन यांतून ते कळलं नव्हतं.

दारावरची पाटी

मला वेगळ्या खोलीत हलवलं. दारावर पाटी लावली की आत येताना गाऊन आणि हातमोजे घालावेत. जंतू दुसऱ्या पेशंटकडे जाऊ नये म्हणून. कारण अगदी योग्य होतं. पण इतके दिवस कुणाच्या हाताची कातडी आपल्या अंगाला लागली नाही की माणसाला आपल्याच अंगाची किळस यायला लागते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. ते वाटेल. ते जातंही.

दिवसाचा एक ठरलेला क्रम होता. पहाटे रक्त घ्यायचे. अकराच्या सुमारास मूत्रपिंडाचा आकडा यायचा, तो जितका वाढेल तितकी इजा जास्त. तो आकडा येईपर्यंत घरातलं कुणी धड बोलत नसे. 'आज वाढलाय' म्हटलं की नाना खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. सलग सहा दिवस तो वाढत होता. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण मन लागेना. मला वाटायचं मी धीराची आहे. तसं काही नव्हतं. मी घाबरून गेले होते आणि घाबरल्याचं कुणाला दिसू नये म्हणून सगळ्यांवर खेकसत होते. अर्चना गोठा आवरून, डबा घेऊन, बसनं यायची आणि मी तिला म्हणायचे, भातात मीठ जास्त झालं. ती दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालून आणायची. त्याची मला आज लाज वाटते.

तिथं रेखा नावाची एक सिस्टर होती. तिसगावची. सकाळची तिची पाळी असली की आधी माझे केस विंचरायची. "मावशी, डोकं इकडं करा बगू. असं झिपऱ्या मोकळ्या ठिवून कुनी झोपतं व्हय?" हातमोजे घातलेले तिचे हात, पण वेणी अशी घट्ट घालायची की माझी आई आठवायची. एकदा तापाच्या भरात मी शाळेची हजेरी घ्यायला लागले. चौथीचा वर्ग, एकेक नाव. रेखा सलाईन बदलत होती. प्रत्येक नावाला ती शांतपणे "हजर" म्हणत राहिली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. "सगळी पोरं आल्ती मावशी, एक बी गैरहजर न्हवतं," असं म्हणाली.

सातव्या दिवशी आकडा वाढायचा थांबला. नवव्या दिवशी ताप उतरला. डायलिसिस लागलं नाही. काठावर पास झालेलं ते औषध शेवटपर्यंत टिकलं.

त्याच दिवसांत कधीतरी अमोल डॉक्टर भेटायला आले. गाऊन घालून दाराशी उभे होते. "बाई, मी अमोल डॉक्टर," ते म्हणाले. मी ओळखलं होतं. मी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. ते थोडा वेळ थांबले. मग गेले.

मेसेज

मी बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असताना संदीप काय करत होता ते मला घरी आल्यावर कळलं. ज्या दिवशी नानांनी सही केली, त्याच दिवशी दुपारी तो चार मित्रांना घेऊन अमोल डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. बाहेर बसलेल्या पेशंटांसमोर ओरडला की इथली दुर्बीण उकळत नाहीत, माझी आई मरायला टेकलीय. डॉक्टर बाहेर येऊन काही सांगायला लागले तर यानं ऐकून घेतलं नाही. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर तेच लिहिलं. तो मेसेज पाच-पंचवीस गावांत फिरला.

मी त्याला रागावले नाही. उलट मला बरं वाटलं, की पोरगा आईसाठी भांडला. मी कॉटवर पडून असायचे आणि बायका बघायला यायच्या.

"धुतच न्हवता म्हनं ती दुर्बीन," शेजारची शांताबाई म्हणायची.

"आता काय बोलायचं," मी म्हणायचे.

एवढंच. पण ते कसं म्हणायचं हे मला चांगलं माहीत होतं. अर्धं बोलून पूर्ण पोचवायची कला शिक्षकाला येते. अमोल डॉक्टर इथले नव्हते, त्यांच्या बाजूनं बोलायला गावात चुलता-मामा कुणी नव्हता, आणि त्यामुळे ते सगळं फार सोपं गेलं.

कापसाच्या काड्या

दवाखान्यात असताना डॉ. सुषमांनी आणखी एका कागदावर सही घेतली होती. माझा जंतू पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचा होता. तिथं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा जनुकीय आराखडा, म्हणजे त्या जंतूची सगळी कुंडली, अक्षर न् अक्षर वाचतात. तो कुठून आला, त्याचे नातेवाईक कुठं सापडले, हे त्यातून कळतं. मी आनंदानं सही केली होती. मला वाटलं, आता पुरावाच मिळेल.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी त्या प्रयोगशाळेतली मेघना नावाची मुलगी जीपनं आली. बरोबर बर्फाची पेटी आणि कापूस गुंडाळलेल्या लांब काड्या. तिला आमच्या सगळ्यांचे नमुने हवे होते, आणि गोठ्यातले.

संदीप भडकला. "दवाखाना सोडून गोठ्यात काय शोधता? तिकडं जा, त्या डॉक्टरकडं."

"तिकडं आधीच जाऊन आले," ती म्हणाली. "त्यांनी स्वतःच फोन करून बोलावलं होतं. दुर्बीण, नळ्या, बेसिन, सगळ्याचे नमुने घ्या म्हणाले. माझ्याकडे सापडला तर मला कळायला हवं, असं म्हणाले."

संदीप गोठ्याच्या दारातून बाजूला झाला. मीही.

तिनं कॅनच्या झाकणाला काडी फिरवली, शेण घेतलं, पाचही गाईंचं दूध घेतलं. कबरी नावाच्या गाईपाशी आल्यावर तिनं कासेला हात लावून विचारलं, "हिला दगडी झाली होती का?" दगडी म्हणजे गाईची कास सुजून दगडासारखी होते ते.

"हिला सारखीच होती," अर्चना म्हणाली. "सडात औषधाची ट्यूब सोडली की उतरती."

"ट्यूब कोण सोडतं?"

"आमीच. मेडिकलमधून आनतो," संदीप म्हणाला. "सूज उतरली की बंद करतो."

"आणि औषध चालू असतानाचं दूध?"

इथं मी पुढे झाले. याचा मला अभिमान होता. मी सांगितलं की औषधाचं दूध आमच्या घरातून कधी डेअरीला गेलेलं नाही. डेअरीत पट्टी लावून दुधात औषध आहे का ते तपासतात म्हणून नव्हे, पट्टी यायच्या आधीपासून. लोकांच्या लेकरांना औषधाचं दूध पाजायचं नाही, हा माझा नियम. ते दूध मी नानांना कॅनमध्ये ओतू देत नसे.

"मग ते टाकून देता?"

"टाकायचं कशाला? दुखरा सड एकच असतो. त्याचं दूध मातीत सोडायचं. बाकी तीन सडांचं दूध चांगलं असतं. ते घरात ठेवतो. चहाला, खिरीला."

"उकळून?"

"उकळूनच. माझा एक पेला सोडून." लहानपणापासून मी सकाळी गोठ्यातच एक पेला धारोष्ण दूध पिते. धार काढली की तसंच, कोमट. माझे वडील प्यायचे, मी पिते. कबरीचं औषध चालू असलेल्या दिवसांत इतर गाईंचं दूध मोजून डेअरीला जायचं, म्हणून माझा पेला कबरीच्या तीन सडांचा असायचा.

मेघना वहीत लिहीत होती. लिहायचं थांबून तिनं विचारलं, "त्या दुधाचं दही लागायचं का, मावशी?"

नाही लागायचं. कितीदा विरजण बदललं, भांडं उबेला ठेवलं, थंडीला दोष दिला, अर्चनाच्या हाताला दोष दिला. ज्या औषधानं दह्याचे जंतू मरत होते, ते औषध मी पेल्यानं पीत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नक्कल

महिन्यानं डॉ. सुषमांनी बोलावलं. मेघनाही होती. तिनं टेबलावर एक आकृती ठेवली, फांद्या-फांद्यांची. एका फांदीच्या टोकाला दोन ठिपके जवळजवळ एकमेकांना चिकटलेले.

"हा तुमच्या लघवीतला जंतू. हा कबरीच्या कासेतला," ती म्हणाली. "आणि हे तिकडे लांब, अमोल डॉक्टरांच्या दवाखान्यात सापडलेले. त्यांचं याच्याशी नातं नाही."

नानांना कळेना. तिनं पुन्हा सांगितलं तरी कळेना. मग मी त्यांना सांगितलं, कारण मला चटकन कळलं होतं. परीक्षेत दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर त्यात काही नवल नाही. पण दोघांचं एकच गणित, एकाच पायरीला, एकसारखं चुकलं, आणि अशा पाच-सहा जागा सापडल्या, की बाईला कळतं यांनी नक्कल केली. जंतूही वाढताना स्वतःची नक्कल करतो आणि मधूनमधून चुकतो. माझ्या आणि कबरीच्या जंतूच्या चुका त्याच जागी होत्या. दवाखान्यातल्यांच्या वेगळ्या होत्या.

"म्हंजी गाईनं दिला?" नानांनी विचारलं.

"तसं नक्की नाही सांगता येत, काका," मेघना म्हणाली. "गाईकडून मावशींना, की मावशींच्या हातून गाईला, हे यातून कळत नाही. पण तो तुमच्या घरातला आहे. मावशींच्या पोटात तो आधीपासून असणार. ऑपरेशननंतर वर चढायला त्याला वाट मिळाली असेल. पण दुर्बिणीवरून तो आलेला नाही."

इतर गाईंत तो नव्हता, घरातल्या कुणातही नव्हता. कच्चं दूध पिणारी मी एकटीच होते. सारखी औषधं दिल्यानं कबरीच्या अंगात साधे जंतू मरत गेले आणि न मरणारा उरला, असं डॉ. सुषमा म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, तो आता गेला का. त्या म्हणाल्या, "आजार गेला. जंतू पोटात कुठंतरी असू शकतो. वर्षभर सांभाळा. आणि डब्यातली गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, पुढच्या वेळी कदाचित तो एक एस पण नसेल."

घरात

घरी आल्यावर संदीप म्हणाला, "मी मेसेज काढून टाकतो."

"फिरलेला मेसेज काढून काय होतंय? तू तिथं जाऊन ओरडलास. तिथं जाऊन सांगायला हवं."

"मी न्हाई जानार. लोक तोंडात शेन घालतील."

"तू ऐकलंस ते माझ्याकडून. मी जाते."

नाना आमच्या दोघांच्या मध्ये आले. ते म्हणाले, "जाशील आन् काय सांगशील? आमच्या गाईत असला जंतू हाय म्हनून? उद्या आपलं दूध कोन घील? डेअरी बंद करंल, रतीब जातील. पोराचं सगळं गोठ्यावर हाय."

ते खोटं नव्हतं. दूध तापवलं की जंतू मरतो, डेअरीत तर ते तापवतातच, मेघनानं हे स्पष्ट सांगितलं होतं. पण भ्यालेल्या लोकांना ते सांगून उपयोग नसतो, हे आम्हीच दाखवून दिलं होतं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी अर्चना, जी सासऱ्यापुढे कधी बोलत नाही, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, त्या डॉक्टरांचं बी पोट दवाखान्यावरच हुतं."

नाना उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं मोटारसायकल काढून दारात उभे राहिले. "चल," म्हणाले.

बाक

तो बाजाराचा वार होता, जायचं तर त्याच वारी असं मी आधीच म्हटलं होतं. त्या दिवशी अमोल डॉक्टरांच्या दारात उभं राहायला जागा नसायची. संदीप गर्दीसमोर ओरडला होता, तर गर्दीसमोरच सांगायचं, असं ठरवलं होतं. वाक्यं मनात घोकून गेले होते.

आत तिघं बसले होते. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि हाताला पट्टी बांधलेला एक माणूस.

मी तिघांनाच सांगितलं. माझं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं. तो जंतू माझ्या गोठ्यातला निघाला, इथला नाही, तपासून सिद्ध झालंय, आणि आम्ही खोटं पसरवलं, असं सगळं उभं राहून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आता बरं हाय का पर तुमाला?" मी मान हलवली आणि मला रडू आलं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले होते. त्यांनी मला आत नेलं. रिपोर्ट मी पुढे केला, त्यांनी तो आधीच वाचला होता. मी हात जोडले तर म्हणाले, "बाई, असं करू नका." मग नेहमीसारखं विचारलं, जळजळ होते का, पाणी किती पिता, पायावर सूज येते का. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"लोक परत येतील, डॉक्टर. मी सांगीन सगळ्यांना."

"मी महिनाअखेर बंद करतोय," ते म्हणाले. "बायको-मुलं गेली कोपरगावला. तिकडं एका दवाखान्यात जागा मिळालीय."

"थांबा ना. आता तर खरं कळलं."

"मला कळलं, बाई. मला त्याचीच काळजी होती, की खरंच माझ्याकडून झालं असेल तर. त्या दिवसांत मी रोज तेच आठवत बसायचो, कुठं काय चुकलं." त्यांनी रिपोर्टची घडी करून मला परत दिला. "पण ऑपरेशन करायला समोरच्याचा विश्वास लागतो. तो इथं नाही राहिला आता."

महिना संपायला एकोणीस दिवस होते. मी रोज सकाळी जाऊन त्या दवाखान्यातल्या बाकावर बसायला लागले. जो येईल त्याला सांगायचे. काही ऐकायचे, काही मान फिरवायचे, एकानं विचारलं की डॉक्टरनं किती पैसे दिले. आमच्या दोन घरचे रतीब बंद झाले. डेअरीनं दूध घ्यायचं थांबवलं नाही. कबरीचे उपचार आता जनावरांचे डॉक्टर करतात, आणि औषधाचं दूध, चारही सडांचं, खड्ड्यात जातं.

सहाव्या दिवशी संदीप आला. माझ्या शेजारी बसला नाही, उभाच राहिला. त्या दिवशी बारा-तेरा माणसं होती. "चूक आमची हुती," तो म्हणाला, "यांची न्हवती." मग डॉक्टरांच्या दारापाशी जाऊन थांबला. आत काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पेशंट थोडे वाढले. मला वाटायला लागलं होतं की ते थांबतील. मी तशी आशा धरून होते, हे कबूल करते.

शेवटच्या दिवशी कपाटं रिकामी होती. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. "बाई, उद्या येऊ नका," म्हणाले. "उद्या इथं कुलूप असेल."

मी बरं म्हणाले. ते आत गेल्यावर एक बाई लेकराला घेऊन आली, त्यांची शेवटचीच पेशंट. मी सरकून तिला जागा दिली आणि तिलाही सांगायला सुरुवात केली.